पाठ कुणाकडे, मुख कुणाकडे?



गंगाखेडच्या गोदाकाठी सायंकाळी उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. तीन-चार तरुण घाटाच्या पायऱ्या उतरून येतात. समोर गोदावरी असते, मावळतीचे ऊन पाण्यावर पसरलेले असते. क्षणभर ते नदीकडे पाहतात आणि मग तिच्याकडे पाठ फिरवून उभे राहतात. एकाचा हात लांब होतो, चेहरे जवळ येतात, ओठांवर ठरलेले हसू उमटते. पहिले छायाचित्र पसंत पडत नाही, म्हणून दुसरे, मग तिसरे. पाच मिनिटांत सारे आटोपते. घाट चढताना प्रत्येकाची मान हातातल्या फोनवर झुकलेली असते, कारण आता किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, याची मोजदाद सुरू झालेली असते.

या दृश्यात आक्षेपार्ह असे काही नाही. कुणाचे काही हिरावले जात नाही, कुणाला दुखावले जात नाही. परंतु नदी पाहायला आलेला माणूस नदीकडे पाठ करून उभा राहतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जे पाहायचे ते पाठीमागे आणि जो पाहणारा तोच पुढे, अशी ही रचना आहे. एका साध्या शारीरिक हालचालीत मनाचीही काही हालचाल लपलेली आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जुनी हौस, नवे साधन

स्वतःचे चित्र काढण्याची हौस आजची नाही. छायाचित्रणाची कला जेमतेम जन्माला आली होती तेव्हा, १८३९ मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने स्वतःचे छायाचित्र घेतले. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी एखादा फोटो स्टुडिओ असे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी, अंगावर ठेवणीतले कपडे, अशा थाटात लग्नानंतर किंवा मॅट्रिक झाल्यावर एक छायाचित्र काढले जाई आणि ते आयुष्यभर भिंतीवर राही. रोलमध्ये छत्तीस चित्रे मावत, त्यामुळे प्रत्येक चित्रामागे थोडा विचार असे. शिवाय छायाचित्रकार हा दुसरा कुणी असे. आपल्याला पाहणारा डोळा आपला नव्हता.

२०१० मध्ये आयफोनच्या चौथ्या आवृत्तीत पुढच्या बाजूचा कॅमेरा आला आणि पुढे तो प्रत्येक फोनचा भाग झाला. आता पाहणारा आणि दिसणारा एकच झाला. 'सेल्फी' हा शब्द २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम लिहिला गेल्याची नोंद आहे. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरविले. अवघ्या काही वर्षांत तो परभणीच्या बसस्थानकापासून जिंतूरच्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचला. आज कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आरसा आणि सेल्फी यांत मात्र एक मोठे अंतर आहे. आरशासमोरचा माणूस स्वतःला पाहतो आणि निघून जातो. सेल्फी काढणारा स्वतःला दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत थांबतो. चित्र काढण्यात नव्हे, तर या वाट पाहण्यात प्रश्नाचे मूळ आहे.

विज्ञान काय सांगते?

व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे आधुनिक मानसशास्त्र माणसाच्या स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानते: नव्याविषयीचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येकात हे पाचही कमी-अधिक प्रमाणात असतात. याखेरीज २००२ मध्ये कॅनडातील डेलरॉय पॉलहस आणि केव्हिन विल्यम्स या संशोधकांनी तीन काळ्या छटांची एकत्र मांडणी केली. स्वतःच्या मोठेपणात रमणारी आत्ममग्नता, दुसऱ्याला साधन म्हणून वापरणारी कावेबाज वृत्ती आणि परदुःखाविषयीची बधिरता, या त्या तीन छटा होत.

समाजमाध्यमे फोफावली तशी या छटांची आणि सेल्फीची सांगड शोधली जाऊ लागली. अमेरिकेत जेसी फॉक्स आणि मार्गारेट रूनी यांनी १८ ते ४० वयोगटातील पुरुषांची पाहणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्यात आत्ममग्नता अधिक, ते सेल्फी अधिक टाकतात आणि टाकण्यापूर्वी चित्रात फेरफारही अधिक करतात. ज्यांच्यात बधिरता अधिक, तेही सेल्फी अधिक टाकतात, पण चित्र सुधारण्याच्या फंदात पडत नाहीत. त्याच वर्षी पोलंडमधील अभ्यासात आत्ममग्नता आणि सेल्फी यांचे नाते पुरुषांमध्ये ठळक आढळले, स्त्रियांमध्ये मात्र ते बरेच क्षीण होते. 'सेल्फीचा नाद मुलींनाच' असे चावडीवर बसून सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

यावरून प्रत्येक सेल्फी काढणारा आत्ममग्न असतो, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. अशा अभ्यासांत आढळणारी नाती सौम्य असतात. समूहाविषयी ती काही सांगतात, समोर बसलेल्या एका मुलाविषयी फारसे सांगत नाहीत. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचाही प्रयोग झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधील समाजमाध्यमावरच्या सेल्फी अनोळखी लोकांना दाखवून चित्रातील व्यक्तींचा स्वभाव विचारण्यात आला. पाचांपैकी केवळ एक पैलू, नव्याविषयीचा मोकळेपणा, पाहणाऱ्यांना बरोबर ओळखता आला. बाकीचे अंदाज फसले. थोडक्यात, ज्या चित्रातून आपण जगाला आपली ओळख करून देऊ पाहतो, ते चित्र आपली ओळख फारशी करून देतच नाही.

एवढेच नव्हे, तर ते आपला चेहराही नीट दाखवत नाही. कॅमेरा वीतभर अंतरावर आला की जवळचे मोठे दिसते आणि दूरचे लहान. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखविले की, सुमारे एक फुटावरून घेतलेल्या चित्रात नाक पाच फुटांवरून घेतलेल्या चित्रापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद भासते. असे चित्र पाहून आपले नाकच बेढब आहे असे मानणारे तरुण शस्त्रक्रियेची चौकशी करू लागले, म्हणून तर हा अभ्यास करावा लागला. दोष भिंगाचा आणि खंत मात्र जन्मभराची, असा हा व्यवहार आहे.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील २३८ जणांच्या २०१७ मधील पाहणीत आणखी एक गंमत आढळली. बहुतेक जण नियमित सेल्फी काढत होते आणि बहुतेकांनाच इतरांच्या सेल्फी पाहण्याचा कंटाळा होता. स्वतःची सेल्फी ही सहज थट्टामस्करी आणि दुसऱ्याची मात्र मिरवणूक, असे प्रत्येकाला वाटत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही आपल्या आज्यांची म्हण युरोपातल्या प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध झाली.

चिली देशातील संशोधकांनी त्याच त्या व्यक्तींची काही काळाने दोनदा पाहणी करून २०१६ मध्ये जे मांडले, ते अधिक गंभीर आहे. आत्ममग्न माणूस सेल्फी अधिक काढतो, हे तर दिसलेच. परंतु सेल्फी काढत राहिल्याने आत्ममग्नताही वाढत जाते, असे त्यांना आढळले. वृत्तीतून कृती होते आणि कृतीतून तीच वृत्ती घट्ट होते. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. वारंवार केलेली गोष्ट मनावर ठसा उमटवते, मग ती रामरक्षा असो की सेल्फी.

कृती एक, वृत्ती तीन

येथे भारतीय विचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. सांख्यांनी आणि गीतेने माणसाच्या प्रकृतीची मांडणी सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांत केली. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे प्रत्येकी तीन प्रकार सांगितले आहेत. दान तेच, पण कोणत्या भावनेने दिले यावरून ते सात्त्विक, राजस किंवा तामस ठरते. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला गीता राजस म्हणते आणि त्याचे फळ चंचल व अस्थिर असते असे बजावते. समाजमाध्यमावर मिळणाऱ्या पसंतीचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण आहे. सकाळी शंभर अंगठे वर झाले तरी सायंकाळी मन पुन्हा रितेच असते.

ही कसोटी सेल्फीला लावून पाहावी. हरियाणातील बीबीपूर गावचे तत्कालीन सरपंच सुनील जागलान यांनी जून २०१५ मध्ये लेकीसोबत सेल्फी काढून पाठविण्याचे आवाहन केले. जेथे मुलीचा जन्मच नकोसा मानला जाई, तेथे बाप अभिमानाने मुलीला जवळ घेऊन छायाचित्र काढू लागले. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात 'मन की बात'मध्ये या उपक्रमाचा उल्लेख केला आणि तो देशभर पोहोचला. येथे चेहरा बापाचा असला, तरी मान मुलीचा वाढत होता. हा या साधनाचा सात्त्विक उपयोग म्हणावा लागेल.

याच्या उलट चित्र २०२० च्या टाळेबंदीत पाहायला मिळाले. असंख्य हातांनी निःशब्दपणे शिधा पोहोचविला. परंतु काही ठिकाणी पाच किलो पिठाच्या पिशवीला चार देणारे हात लावीत आणि घेणाऱ्या माउलीला कॅमेऱ्याकडे पाहायला सांगत. तिची मान खाली असे. भूक भागली, पण तिची लाज गावभर फिरली. दान झाले खरे, पण ते घेणाऱ्याच्या चेहऱ्याची किंमत वसूल करून झाले. अशा वेळी कॅमेरा खिशात ठेवणे हाच दानाचा अर्धा भाग असतो.

आणि तामस प्रकार कोणता? ज्यात स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाचेही भान उरत नाही, तो. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या तपासून भारतीय डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३७ घटनांमध्ये २५९ जणांनी सेल्फी काढताना प्राण गमावल्याचे दिसले. सर्वाधिक घटना भारतातील होत्या. मृतांचे सरासरी वय सुमारे २३ वर्षे होते आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुलगे होते. बुडणे, वाहनाखाली किंवा रेल्वेखाली सापडणे आणि उंचावरून पडणे ही प्रमुख कारणे होती. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनारी अशी दुर्घटना घडल्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील धोक्याच्या जागा निश्चित करून तेथे सेल्फीला मज्जाव केला.

परभणीकरांनी ही दूरची बातमी समजू नये. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण, गोदावरीचे डोह आणि पावसाळ्यात एका रात्रीत फुगणारी दुधना हे सारे आपल्या दाराशी आहे. पाण्याकडे पाठ करून मागे सरकणाऱ्या पावलाला शेवाळ दिसत नाही. तेवीस वर्षांचा मुलगा म्हणजे नुकती पदवी हाती आलेला, घराचा आधार होऊ घातलेला मुलगा. त्याचे शेवटचे छायाचित्र फोनमध्ये हसत असते आणि ते चित्र पाहायचे बळ आईमध्ये उरत नाही.

आजार की एकाकीपणा?

२०१४ मध्ये एक बातमी जगभर फिरली की, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने सेल्फीच्या व्यसनाला 'सेल्फायटिस' हा आजार ठरविले आहे. ती बातमी साफ खोटी होती, थट्टेसाठी रचलेली होती. पुढे मदुराईच्या त्यागराजर व्यवस्थापन संस्थेतील जनार्दनन बालकृष्णन आणि इंग्लंडमधील मार्क ग्रिफिथ्स यांनी या विषयाचा खरोखरच अभ्यास केला. त्यांनी भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलून सेल्फीमागच्या सहा प्रेरणा नोंदविल्या. भोवतालचा क्षण खुलविणे, इतरांशी स्पर्धा, लक्ष वेधून घेणे, मन रमविणे, आत्मविश्वास मिळविणे आणि आपल्या गटासारखे होणे, अशा त्या सहा आहेत.

ही यादी वडीलधाऱ्यांनी शांतपणे वाचावी. तिच्यात उद्दामपणापेक्षा उणीवच अधिक आहे. पालम किंवा सोनपेठच्या खेड्यातून शिकायला परभणीत आलेला मुलगा भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. गावात त्याला 'अमक्याचा नातू' म्हणून पाचशे माणसे ओळखत होती, शहरात घरमालकाशिवाय कुणी ओळखत नाही. रात्री तो चाळीस चित्रे काढून त्यांतले एक टाकतो, तेव्हा खरे तर तो एवढेच विचारत असतो की, 'मी आहे, हे कुणाला ठाऊक आहे काय?' ज्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ओसरी देत होती, तालीम देत होती, भजनी मंडळ देत होते, ते आता फोनकडे मागितले जाते. ओसरी रिकामी कुणी केली, हा प्रश्न मुलांना नव्हे, मोठ्यांना विचारावा लागेल.

दंड, उपहास आणि फोन हिसकावणे हे म्हणूनच या दुखण्याचे औषध नव्हे. जो मुलगा पाहिला जातो, त्याला दाखवण्याची निकड राहत नाही. घरी आलेल्या मुलाकडे बापाने स्वतःचा फोन बाजूला ठेवून पाच मिनिटे नीट पाहिले, तर त्या पाच मिनिटांची बरोबरी शंभर अंगठ्यांना येणार नाही.

जनीची खूण

या जिल्ह्याच्या मातीत स्वतःचे चित्र रेखाटणारी एक स्त्री सात शतकांपूर्वी होऊन गेली. संत जनाबाई गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवांच्या त्या कुटुंबात दासी म्हणून राहिल्या. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांत स्वतःविषयी त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. जात्यावर बसलेली जनी, अंगण झाडणारी जनी, पाणी भरणारी जनी, सारे त्यांत आहे. अनाथपण आहे, थकवा आहे, देवाशी भांडणही आहे. मध्ययुगातील एका कष्टकरी स्त्रीचे इतके जिवंत आत्मचित्र दुर्मीळच म्हणावे लागेल.

परंतु या चित्राची चौकट पाहण्यासारखी आहे. त्यात जनी कधीच एकटी नाही. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात आहे, तो विठ्ठलाचा. अभंगाच्या शेवटी नाव येते तेही नामदेवांच्या नावाला जोडून, त्यांची दासी म्हणून. स्वतःविषयी बोलतानाही दृष्टी दुसऱ्यावर आहे. आणि नवल असे की, स्वतःला इतके मागे ठेवणारी ही बाई सातशे वर्षांनंतरही घरोघरी ओळखीची आहे.

जनाबाईंविषयीची एक कथा सर्वांना ठाऊक आहे. गोवऱ्यांवरून भांडण जुंपले. गोवऱ्या सगळ्या सारख्याच, कुणाची कोणती हे ठरवायचे कसे? तेव्हा जनी म्हणाली, कानाला लावून पाहा, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी. कथेचे मर्म सोपे आहे. माणसाची खरी खूण त्याच्या चेहऱ्यावर नसते. त्याने हाताने जे थापले, पेरले, घडवले, त्यात ती उमटलेली असते.

चारठाण्याची प्राचीन मंदिरे पाहावीत, धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर पाहावे. दगडातून लेणे फुलविणाऱ्या त्या कारागिरांचे चेहरे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या शिल्पांकडे पाठ करून आज छायाचित्रे काढली जातात आणि शिल्प नुसती पार्श्वभूमी होऊन बसते. देवदर्शनाचेही तसेच झाले आहे. दर्शन म्हणजे देवाने आपल्याला आणि आपण देवाला पाहणे. गाभाऱ्याकडे पाठ केली की ते दोन्ही तुटते. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतील मंदिरांत भ्रमणध्वनीला बंदी घालण्याचे आदेश दिले, केदारनाथच्या मंदिर समितीने २०२३ मध्ये मंदिरात छायाचित्रणाला मनाई केली. असे फलक लावावे लागतात, यातच आपले काही हरवल्याची कबुली आहे.

कॅमेऱ्याची दिशा

शेवटी मुद्दा यंत्राचा नाही, दिशेचा आहे. त्याच फोनला दोन कॅमेरे आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातला शेतकरी बांधावर उभा राहून कापसाचे, सोयाबीनचे, तुरीचे छायाचित्र काढतो आणि ते सातबाराच्या नोंदीला आधार होते. त्या चित्रात तो स्वतः नसतो. पण त्याच्या वर्षभराच्या घामाची त्याहून चोख साक्ष कोणती? चेहरा नसलेले ते चित्र त्याचे खरे आत्मचित्र आहे.

शाळांमधून, महाविद्यालयांतून आणि घराघरांतून एवढे एक करता येईल. मुलांना सेल्फी काढू नका असे न सांगता, आधी समोरचे पाहा असे सांगावे. नदीवर गेले तर प्रथम नदी पाहावी, आजीजवळ बसले तर आधी तिचे बोलणे ऐकावे. चित्र टाकण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कुणी पाहिलेच नाही, तरी हा क्षण मला तेवढाच प्रिय राहील काय? उत्तर 'होय' असेल तर चित्र खुशाल टाकावे. उत्तर 'नाही' असेल, तर तो क्षण आपला नव्हताच, दुसऱ्यांच्या पसंतीसाठी उसना आणलेला होता.

गोदावरी गंगाखेडच्या घाटाला लागून वाहत असते. तिला कुणी पाहिले किंवा न पाहिले, तरी ती काठच्या शिवारांना पाणी देत पुढे जाते. एखाद्या सायंकाळी त्या पायऱ्यांवरच्या तरुणांपैकी एकाने जरी फोन खिशात ठेवून तिच्याकडे तोंड केले, तरी पुरे आहे. बाकीचे तीन मागे वळून पाहतीलच.